केरबाचं आखूड धोतर

टिण्ण!

ऐकलंत, मंडळी?

नाही नाही, झांजवाल्या मामांकडे बघू नका, त्यांचे हात मांडीवर आहेत! हा आवाज इथला नाहीच. हा आवाज सांगलीतल्या एका घरातला. हळदीच्या पेठेमागची अरुंद बोळ, बोळात दोन खोल्यांचं घर, भर दुपार. घरात दोन बायका आणि मधे एक पत्र्याची ट्रंक. कालच तेरावं झालंय. पाहुणे पांगलेत. रडून झालंय, बोलूनही झालंय. दोघींतली एक ट्रंकेतून धोतराची घडी उचलते, आणि त्या घडीतून काहीतरी निसटतं, फरशीवर पडतं — टिण्ण!

काय पडलं? सांगते की! घाई कुणाला आहे? दाराशी उभ्या राहिलेल्या काकू, बसा हो. भाजी काही घरातून पळून जात नाही!

आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस जातो. घर राहतं, त्याची वाटणी होते. भांडी राहतात, ती चुलीवर चढतात. पण कपडे? खुंटीवर सदरा तसाच असतो. कोपराला त्याच्याच कोपराचा बाक! खिशात अर्धी सुपारी! त्या सदऱ्याचं काय करायचं? घालावा तर अंगावर काटा येतो. टाकावा तर हात पुढे होत नाही. कुणी नदीला सोडतं. कुणी दान करतं. कुणी डांबराच्या गोळ्या घालून कपाटाच्या तळाशी ठेवतं — आणि मग वर्षानुवर्षं तो कप्पाच उघडत नाही! यात शहाणा कोण? ज्याला उत्तर येतं त्यानं हात वर करा.

बघा. एकही हात नाही. माझाही नाही.

म्हणून ही कथा. माझी लेक कनू तिथे पेटीवाल्या काकांजवळ बसलीय, समोरच्या पेढ्यांवर डोळा ठेवून. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तीही आली आख्यानाला. तिला कळेल अशी सांगते, म्हणजे तुम्हालाही कळेल!

तर मंडळी, ट्रंक होती केरबाची.

केरबा शिवणकाम करायचा. शिंपी होता का? छे! तो पोती शिवायचा. पेठेत हळकुंडांची पोती भरली की त्यांची तोंडं शिवायची. हातात दाभण — म्हणजे वीतभर लांब, जाड सुई — आणि दाभणात सुतळी. तिरपा टाका, ओढ, आवळ, गाठ. सरकव पुढचं पोतं! आणि शिवता शिवता दोन्ही कोपऱ्यांना तो एकेक कान काढायचा. कापड पिळून, वर सुतळी गुंडाळून. कशाला? अहो, हमालाला धरायला काहीतरी नको का? कान धरले की पोतं पाठीवर! कान कशासाठी असतात हे पोरांच्या आईबापांना काय सांगायचं!

दिवसभर हळदीत बसायचा, त्यामुळे धोतर पिवळं. धुतलं तरी पिवळं. पेठेत चेष्टा व्हायची, "काय केरबा, रोज हळद लागतीया, पण लगीन काय हुईना गड्या!" केरबा हसायचा. त्याचं लग्न झालं होतं, आणि बायको लवकर देवाघरीही गेली होती. मागे एक लेक, शालन. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. लेकीचं न्हाणंधुणं, वेणीफणी, सगळं यानंच. आणि वेणी कशी घालायचा? पोतं शिवल्यासारखी! शालन ओरडायची, "आप्पा, आवळू नगा! माझं डोळं वर जायला लागल्यात!"

हसताय? हसा. पुढे हसता येईलच असं नाही.

शालन मोठी झाली, तासगावला दिली, तिला दिवस गेले. आणि त्याच सुमाराला पेठेतल्या लोकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. केरबाचं धोतर आखूड व्हायला लागलं होतं! आधी घोट्याच्या वर. मग पोटरीच्या वर. मग तर गुडघ्याशी! आता काय, लोकांना आयतंच मिळालं.

"आरं केरबा, किस्नाबाईला पूर आलाय व्हय? धोतार एवढं वर घेतलंस ते!"

"म्हातारपणी गुडघं दावायची हौस आलीया त्याला!"

केरबा काय म्हणायचा? "वारं लागतंय, बरं वाटतंय," एवढंच. आणि दाभण पुढच्या पोत्याला.

अशाच एका दुपारी पोतं शिवता शिवता तो त्या पोत्यालाच टेकला. बाकीच्यांना वाटलं, डुलकी लागली. अर्धा शिवलेला टाका, सुतळी बोटांत. ती डुलकी मोडलीच नाही, मंडळी.

पेठ हळहळली. चेष्टा करणारेच पुढे झाले. त्यांनी त्याच्यासाठी धोतर आणलं — कोरं, पांढरंशुभ्र, पूर्ण लांबीचं, घडीसुद्धा न मोडलेलं. जन्मभर पिवळ्या, विटक्या कपड्यांत वावरलेला केरबा नवंकोरं धोतर नेसून निघाला. शालननं ते पाहिलं नाही. तिला आठवा महिना. पोटुशीनं मयताच्या घरात यायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. बापाचं तोंडही तिला बघू दिलं नाही. तेराव्यानंतर ती आली तेव्हा घर धुऊन, पुसून मोकळं झालेलं. बाप म्हणून जे काही उरलं होतं ते त्या ट्रंकेत.

आणि ट्रंकेपुढे बसली होती केरबाची थोरली बहीण, हौसाआत्ती — शालनच्या लग्नानंतर भावाकडेच राहायला आलेली. करारी बाई! तिच्या शब्दापुढे कुणी जायचं नाही. कुणाच्या घरी बारसं असो, नाहीतर बारावं — काय करायचं, काय नाही, हे हौसाआत्तीनं सांगायचं. अशी एकेक आत्या तुमच्याही घरात असते. आज आल्या असतील तर त्यांच्याकडे बघू नका!

आत्तीनं घडी उचलली आणि — टिण्ण!

पडलं ते दाभण होतं.

"कापडाच्या ट्रंकंत दाभण?" आत्ती म्हणाली. "काय मेलं कुठं ठेवील ह्यो माणूस!"

शालननं ते उचललं. नेहमीचं जाड दाभण नव्हे. घासून घासून बारीक केलेलं, टोक गुळगुळीत. तिनं ते मुठीत धरलं.

आत्ती म्हणाली, "टाक ते. ह्या चार धोतरांचं गाठोडं बांधून सांजच्याला कृष्णंला सोडून येतो. ट्रंक भंगारात. तू पड जा आत."

"आत्ती, एक धोतर मला दे."

"तुला? कशाला?"

"बाळाला. पहिलं कापड जुनंच लागतंय न्हवं? घरातल्या माणसाचं, मऊ झालेलं. तूच सांगतीस की सगळ्यांस्नी."

खरं आहे, मंडळी. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला नवं कापड घालत नाहीत. नवं टोचतं. त्याला जुनेर लागतं — आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, शेकडो वेळा धुतलेलं. ज्यानं कधी काळी ते नेसलं त्याच्या अंगाची ऊब त्या धाग्यांत मुरलेली असते, असं बायका म्हणतात.

पण आत्ती ताडकन् उठून म्हणाली, "जित्या माणसाचं! गेलेल्याचं न्हाई! गेलेल्याचं कापड बाळाला? खुळी का काय तू?"

"मग आईचं कुठंय?"

आत्तीनं मान फिरवली.

"सांग की. माझ्या आईचं एक तरी लुगडं ठेवलंस का तू? समदी नदीला सोडलीस. मी बारकी होते, मला कोण इचारणार? आज आईचा रंग कसला होता, लुगड्याचा काठ कसला होता, मला एक धागा ठाव न्हाई! आता आप्पाचं बी सोड! माझ्या लेकराला सांगाय मला काय ऱ्हाईल?"

बघा. भांडण एका धोतरावरून. पण प्रश्न धोतराचा आहे का? पोर म्हणतेय, माझ्याकडे माझ्या आईबापाचं काहीच नाही, आणि जे आहे तेही तुम्ही वाहायला निघालात.

आता तुम्ही म्हणाल, आत्ती वाईट. थांबा! इतक्यात निकाल देऊ नका. आत्ती खाली बसली. आवाज उतरला तिचा.

"शालन, माझं पैलं लेकरू तुला ठाव न्हाई. तुझ्या जल्माच्या आदीचं. माझी सासू गेल्याली, तिचंच लुगडं फाडून मी त्याला गुंडाळलं. दुपटी केली, लंगोट केलं. चांगलं गुटगुटीत पोरगं. पाचवीसुदिक पुजली न्हाई त्याची."

मंडळी, लुगड्यानं मूल जातं का? नाही जात. हे तुम्हालाही कळतं, मलाही कळतं. पण मांडीवरचं मूल थंड झालेलं ज्या बाईनं पाहिलंय तिला हे कुणी आणि कसं समजवायचं? नियम म्हणून जे ती चारचौघांत ठणकावून सांगत होती ते नियम नव्हतेच. तिची भीती होती ती. आणि भीती कुणासाठी? या पोरीच्याच पोटातल्या जिवासाठी! एक मायेनं मागतेय, दुसरी मायेनं नाही म्हणतेय. कुणाची बाजू घ्यायची?

शालन नुसती म्हणाली, "बरं. निदान डोळं भरून बघू तर दे." आणि तिनं धोतर हातात घेतलं, घडी उलगडली. उलगडली — आणि संपली! धोतर एवढंच? आत्तीनं दुसरं उलगडलं. तेही तसंच. तिसरं, चौथं — सगळी आखूड! आणि एका कडेला सरळ कापलेली. फाटलेली नाहीत, झिजलेली नाहीत. कात्रीनं कापलेली!

आत्तीनं कपाळाला हात लावला. "आगं, ही तर दानाला बी चालायची न्हाईत. अर्धं कापड कुणी घ्यायचं? नदीला तरी कशी सोडू, नदी बी म्हणंल, उष्टं दिलंस!" आणि मग तिचा चेहरा बदलला. "माझ्या भावाला धड धोतार नव्हतं? लोकं हसत हुती, मी बी हसले. कापून इकलं का काय ह्यानं?"

तेवढ्यात दारातून हाक आली, "आक्का, हाईसा का?"

दारात जोतीराम. केरबाबरोबर पेठेत हमाली करणारा, त्याच्याच वयाचा. पाठीवर लहानसं पोतं. सवयच हो, उशीएवढं पोतं, पण पाठीवरच आणलं! ते खाली ठेवून म्हणाला, "केरबाचं हे ऱ्हायलं होतं गोदामात. मला म्हटला होता, घरात ठेवलं तर आक्का धुंडाळती. शालन बाळंतपणाला आली म्हंजी तिच्या हातात दे, तोंड तिनंच उघडायचं."

"काय हाय ह्यात?" आत्तीनं विचारलं.

"ते मला काय ठाव? दुसऱ्यानं शिवल्यालं पोतं आमी उघडत न्हाई आक्का." आणि तो उंबऱ्यावर टेकला.

शालन पोत्यापुढे बसली. तोंडावर बापाचे टाके, तिरपे, एकसारखे. लहानपणी बापाच्या मांडीशी बसून तिनं पाहिलं होतं की कुठली गाठ सोडली म्हणजे सगळी शिवण सुटते. तिनं ती गाठ दाभणाच्या टोकानं उकलली, सुतळीचं टोक धरलं आणि ओढलं. सर्रर्र! पोत्यानं तोंड उघडलं.

आत पिवळट, मऊ कापडं. वर दुपटी. शालननं एक बाहेर काढलं, पसरलं — आणि मंडळी, त्या दुपट्याला कान होते! चारही कोपऱ्यांना कापड पिळून, दोरा गुंडाळून काढलेले कान! बाळाचं दुपटं की हळकुंडांचं पोतं? हातांना जेवढं येत होतं तेवढंच त्या हातांनी केलं होतं.

खाली लंगोट. त्याखाली झबली. पहिलं झबलं हातात घेतलं, शालन उलटसुलट बघतेय. बाह्यांना जागा आहे, खाली जागा आहे. डोकं कुठून घालायचं? गळाच नाही! अहो, वरून ह्या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत घट्ट शिवून टाकलेलं! पोतं भरलं की तोंड शिवायचं — जन्मभराची सवय! दुसऱ्याला त्यानं गळा ठेवला होता, पण केवढा? बाळ वरून घातलं की खालून निघेल एवढा! आणि तिसरं...

तिसरं बरोबर होतं. लहानसा गोल गळा. कड दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेली. त्या टाक्यांसाठीच ते दाभण घासघासून बारीक केलं होतं.

जोतीराम उंबऱ्यावरून बघत होता. हळूच म्हणाला, "आमी त्याला पुरावरनं चिडवत होतो वो."

आणि आत्तीला ओटीभरणाचा दिवस आठवला. ह्याच खोलीत बायका बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, पोरीला आई नाही, बाळंतविडा कोण करणार? बाळाची माहेरची कापडं कोण शिवणार? आणि आत्ती म्हणाली होती, "बाप्या माणसाला काय जमतंय त्यातलं? आणू बाजारातनं." केरबा तेव्हा दाराशी पाहुण्यांच्या चपला सरळ करत होता. वर मान करून बघितलंसुद्धा नव्हतं त्यानं.

शालन आता काही मागेना. तिनं सगळी झबली पोत्यावर ठेवली आणि पोतं आत्तीकडे सरकवलं. म्हणाली, "तू म्हणशील तसं, आत्ती. तुझं भ्या मला कळलं. सोडायचं असलं तर सोड."

आता पोतं आत्तीच्या पुढ्यात. नदी चार पावलांवर. आत्तीनं काय करावं?

तिनं हात पुढे केला. "दाभण आण हिकडं."

शालननं मूठ उघडली. आत्तीनं दाभण घेतलं, आणि ते पहिलं झबलं घेतलं — बिनगळ्याचं. मांडीवर ठेवलं आणि एकेक टाका उसवायला लागली. डोळ्यांनी दिसत नव्हतं नीट, तरी उसवतेय! आणि तोंडानं भावाला शिव्या! "माझ्या भावा, येड्या! लेकरानं श्वास कुठनं घ्यायचा रं? इचारायचंस तरी! दुसऱ्या खोलीत होते की मी! एकदा म्हणायचंस, आक्का, गळा कसा करत्यात!"

गळा मोकळा झाला. आत्तीनं त्यातून आपली मूठ घालून बघितली, बाळाच्या डोक्याएवढी. गेली आरपार. मग ती शालनला म्हणाली, "ही गेलेल्याची न्हाईत गं. जिता हुता, अंगावर नेसला हुता, तवाच कापून तुला दिल्याली ही. मी कोण नदीला देणार?"

मग उरलेली चार आखूड धोतरं? जोतीराम म्हणाला, "ती आमास्नी द्या." पेठेतल्या हमालांनी त्याचे तुकडे करून घेतले. ओझं उचलताना खांद्यावर टाकायला! त्याच्या गुडघ्यांना हसणारे खांदे, त्यांच्यावर त्याचंच धोतर.

पुढे शालनला मुलगी झाली. रडका आवाज दोन गल्ल्या ऐकू गेला म्हणतात. सुईणीनं तिला पुसली आणि हात मागे केला, "कापड?" हौसाआत्ती तयार उभी होती. तिनं ते कानांचं दुपटं अंथरलं, मूल ठेवलं, गुंडाळलं. आणि मग, भावाच्या पेठेत दिवसभर चालायचं तसंच, दोन कान दोन हातांत धरून अलगद उचललं. म्हणाली, "बरं झालं बाई, कान ठेवलंस. हात थरथरत्यात माझं. न्हाईतर सुटली असती."

मंडळी, कथा इथे थांबते. उत्तर मिळालं का? नदीला सोडायचं, की दान करायचं, की ठेवायचं?

ते मी सांगणार नाही. ज्याला नदीला सोडून मन हलकं होतं त्यानं सोडावं. ज्याला छातीशी धरून झोपायचंय त्यानं धरावं, कुणी त्याला हसू नये. पण एक करा. घडी उलगडल्याशिवाय निकाल लावू नका! आपण गाठोडं बांधतो ते डोळे मिटून. आईची साडी, बापाचं धोतर उचलतो आणि देऊन टाकतो, कारण बघवत नाही. अहो, बघा जरा! साडीचा पदर कुठे विरलाय? तुमचे हात पुसून विरलाय! सदऱ्याचा एक खांदा फिका का? तुम्हीच बसत होतात त्यावर, जत्रेत! जाताना माणूस तुम्हाला काय देऊन गेला हे शोधत बसू नका. अंगावर होतं तेव्हाच त्यानं किती कापून दिलं, ते त्या आखूड कडेला दिसतं. आणि ज्यांचे आईबाप अजून आहेत... तुम्ही, ताई, आणि तुम्ही, मागच्या खांबाशी बसलेले दादा... आज घरी गेल्यावर बापाचं धोतर केवढं उरलंय तेही बघा. हसण्याआधी बघा.

चला. माझं सांगून झालं. हात जोडा. त्याआधी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

कुणाचा हात वर? कनू? पेढा नंतर, हं बाळा. काय? पेढा नाही? बरं, मोठ्यानं विचार, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

"आई, त्या बाळाला जुनं कापड दिलं. आणि आजोबांना सगळ्यांनी नवं धोतर नेसवलं. पण नवे कपडे तर आपण कुठे जायचं असलं की घालतो ना? मग आजोबा कुठे गेले?"